कुंडीसाठी मातीचे मिश्रण कसे निवडावे

कुंडीत झाड लावताना बहुतेकांचा पहिला प्रश्न माती पुरेशी कसदार आहे का, हा असतो. जमिनीतल्या झाडाबाबत तो रास्त आहे, परंतु कुंडीबाबत तो नंतरचा आहे. खत केव्हाही घालता येते. मुळांना हवा मिळेल अशी पोकळी मात्र झाड लावण्याआधीच मिश्रणात असावी लागते, कारण मुळे पसरल्यावर झाड बाहेर काढल्याशिवाय ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून निवड करताना आधी हवा आणि निचरा पाहावा, मग ओल धरून ठेवण्याची क्षमता आणि सर्वांत शेवटी अन्नद्रव्ये.

बागेत उत्तम ठरलेली माती कुंडीत का बिघडते, हे एकदा समजले की पुढची निवड सोपी होते. जमिनीत पाणी खोलवर झिरपत राहते आणि गांडुळांसारखे जीव माती भुसभुशीत ठेवतात. कुंडीत पाण्याची वाट तळाशी संपते, आणि जादा पाणी वाहून गेल्यावरही केशाकर्षणामुळे, म्हणजे कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात म्हणून, तळालगतच्या थरात पाणी अडून राहते. या ओल्या थराची उंची मिश्रणातल्या कणांवर ठरते. कण जितके बारीक, तितका थर उंच. कुंडी उथळ असो वा खोल, मिश्रण तेच असेल तर ही उंची जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे उथळ कुंडीत मुळांना हवेशीर जागा फारच कमी उरते आणि तिथे मिश्रण अधिक जाडेभरडे असावे लागते. तळाशी खडी पसरल्याने निचरा सुधारतो, ही समजूतही याच कारणाने चुकीची आहे. बारीक मातीतले पाणी खडीतल्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजी उतरत नाही, ते वरच अडते आणि ओला थर उलट मुळांजवळ सरकतो. छिद्रातून माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता जाळीचा तुकडा किंवा खापरी पुरेशी आहे.

घटकांपैकी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरपूर ओल धरते आणि सुकल्यावरही पुन्हा सहज भिजते. मात्र त्यात सोडियम व पोटॅशियमचे क्षार असू शकतात, म्हणून न धुतलेले कोकोपीट दोन-तीन वेळा साध्या पाण्यातून काढून पिळून घ्यावे. पीट मॉस, म्हणजे दलदलीत साचलेले अर्धवट कुजलेले शेवाळ, आम्लधर्मी असते, त्याचा सामू (pH) साधारण 3.5 ते 4.5 असतो आणि सर्वसाधारण झाडांसाठी त्यात चुना मिसळावा लागतो. शिवाय ते पूर्ण वाळले की पाणी चटकन शोषत नाही. ज्या दलदलींतून ते काढले जाते तिथे त्याचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, त्यामुळे पर्याय असेल तिथे ते टाळावे, असे माझे मत आहे. परलाइट ही उष्णतेने फुगवलेली ज्वालामुखीजन्य काच आहे. ती मिश्रण हलके व हवेशीर करते, पण पोषण देत नाही. व्हर्मिक्युलाइट हे उष्णतेने फुगवलेले अभ्रकासारखे खनिज मात्र ओल आणि अन्नद्रव्ये दोन्ही धरून ठेवते. वाळू वापरायची तर जाडी आणि धुतलेली असावी. बारीक वाळू कणांमधल्या फटी बुजवून नेमके उलटे काम करते. कुजलेले शेणखत, गांडूळखत किंवा कंपोस्ट पूर्ण मुरलेले असावे. कच्चा लाकडाचा भुसा कुजताना मिश्रणातला नत्र ओढून घेतो आणि पाने पिवळी पडतात.

प्रमाण वजनाने नव्हे, आकारमानाने मोजावे, म्हणजे एकच भांडे माप म्हणून वापरावे. पानांच्या शोभेच्या बहुतेक झाडांसाठी दोन माप कोकोपीट, एक माप परलाइट आणि एक माप कंपोस्ट ही चांगली सुरुवात आहे. भाजीपाल्याला अन्न जास्त लागते, तिथे कंपोस्ट एक तृतीयांशापर्यंत वाढवता येते. गुलाबासारख्या दीर्घकाळ एकाच कुंडीत राहणाऱ्या झुडपांना थोडी पोयट्याची माती मानवते, कारण सेंद्रिय घटक कुजून मिश्रण खाली बसते तेव्हा खनिज भाग टिकून राहतो. निवडुंग आणि सक्युलंट (पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडे) यांच्या मिश्रणात निम्म्याहून अधिक भाग जाडी वाळू, परलाइट किंवा बारीक खडी यांचा असावा. बी रुजवण्यासाठी कोकोपीट आणि व्हर्मिक्युलाइट समप्रमाणात पुरतात; तिथे खताची घाई करू नये. फॅलेनॉप्सिससारखी ऑर्किड निसर्गात झाडांच्या खोडांवर वाढतात, त्यामुळे त्यांना माती नव्हे तर सालीचे तुकडे आणि कोळसा हवा, आणि साल कुजू लागते म्हणून एक-दोन वर्षांनी ते बदलावे लागतात. अझेलिया आणि ब्लूबेरी यांना 4.5 ते 5.5 सामू लागतो, तर इतर बहुतेक कुंडीतल्या झाडांना 5.5 ते 6.5 चालतो. कीटकभक्षी वनस्पतींच्या मिश्रणात खत अजिबात घालू नये.

ही प्रमाणे अंतिम नाहीत, कारण मातीच्या कुंडीतली ओल बाजूंनीही उडते आणि प्लास्टिकच्या कुंडीतली उडत नाही. शिवाय रोज पाणी घालण्याची सवय असलेल्याने आणि आठवडाभर विसरणाऱ्याने एकच मिश्रण वापरणे योग्य नाही.

मिश्रण तयार झाल्यावर एक लिटरच्या कुंडीत त्याची चाचणी घ्यावी. छिद्रे बाहेरून चिकटपट्टीने बंद करून कुंडी ओलसर मिश्रणाने काठोकाठ भरावी आणि पृष्ठभाग चमकेपर्यंत हळूहळू पाणी घालावे. थोडा वेळ थांबून, पाणी उतरल्यास पुन्हा भरून, कुंडी एका भांड्यावर धरावी आणि पट्टी काढावी. ठिबकणे थांबल्यावर खाली जमलेले पाणी मोजावे. जेवढे पाणी बाहेर आले तेवढी जागा हवेने घेतली. 100 मिलिलिटरहून कमी पाणी निघाले तर मुळे गुदमरण्याचा धोका आहे आणि परलाइट वाढवावे. साधारण झाडांसाठी 150 ते 200 मिलिलिटर समाधानकारक असते, तर ऑर्किडसारख्यांसाठी हा आकडा बराच जास्त असावा.

तयार पिशवी घेताना त्यावरचे घटक वाचावेत, नुसत्या ‘समृद्ध’ किंवा ‘प्रीमियम’ या शब्दांवर विसंबू नये. हातात घेतलेली ओलसर मूठ दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने हलकेच टोचल्यावर तो सुटावा. चिखलासारखा चिकटून राहणारा किंवा आंबूस, कुजका वास येणारा माल परत करावा. पिशवी मोकळ्या हवेत, तोंडावर मास्क बांधून उघडावी आणि नंतर हात धुवावेत, कारण अशा मिश्रणांत क्वचित लिजिओनेला जातीचे जिवाणू आढळतात आणि त्यांची धूळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांचा आजार होऊ शकतो. परलाइटही मिसळण्याआधी थोडे ओले करून घ्यावे, म्हणजे त्याची धूळ उडत नाही.