खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत दाबा
ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक म्हणजे खोडवा. त्यात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, सरीत पसरलं की उजेड अडतो आणि बी पासून उगवणारं बहुतेक तण वर येतच नाही. लव्हाळा, हरळी मात्र त्यातूनही डोकं काढतात. ती हाताने खणून काढा. बुडख्यांवर पाचट राहू देऊ नका, नाहीतर फुटवे पिवळे, लांबट निघतात. बुडखे जमिनीलगत छाटा. पाचट कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून सुरुवातीला ऊस फिका दिसतो. त्यासाठी टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाका, मग पाणी द्या. कोरड्या पाचटावर युरिया फेकणं म्हणजे त्यातला बराचसा हवेत घालवणं.