घरच्या घरी फ्रेंच मॅनिक्युअर: पांढरी कड नेमकी कशी उतरवावी

नखावर फिकट, जवळजवळ नखाच्याच रंगाचा थर आणि टोकाला बारीक पांढरी कड, असे फ्रेंच मॅनिक्युअरचे रूप असते. नाव फ्रेंच असले तरी ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील ऑर्ली या कंपनीचे संस्थापक जेफ पिंक यांना दिले जाते. १९७०च्या दशकात, सतत पोशाख बदलाव्या लागणाऱ्या चित्रपटअभिनेत्रींसाठी कोणत्याही कपड्यावर शोभेल अशी नखे त्यांना हवी होती. विदर्भातील गावांतही लग्नसराईत हाच फायदा होतो, कारण हळदीची पिवळी साडी, लग्नाचा शालू आणि स्वागत समारंभाचा पोशाख या तिन्हींवर एकच रंगकाम चालते आणि तालुक्याच्या पार्लरची खेप वाचते.

साहित्य मोजकेच लागते: बेस कोट (रंगाखाली द्यायचा पारदर्शक थर), पांढरे नेलपॉलिश, फिकट पारदर्शक छटा, टॉप कोट (रंगावर शेवटी द्यायचा पारदर्शक थर), नेलपॉलिश काढायचा रिमूव्हर, नखे घासायची कानस आणि एक बारीक ब्रश. गव्हाळ किंवा सावळ्या हातांवर दुधाळ गुलाबी रंग राखट दिसतो, म्हणून पीच किंवा बदामी छटा निवडावी. आठवडी बाजारात पांढरी बाटली घेताना ती तिरपी करून पाहावी. आतला रंग सहज वाहत नसेल तर ती घेऊ नये, कारण घट्ट रंगाने बारीक रेघ येत नाही. पुसण्यासाठी औषधाच्या दुकानातील कापूस वापरावा. घरी सरकी काढलेल्या कापसाचे तंतू नखाला चिकटून राहतात.

खरे काम रंगापूर्वीचे आहे. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी नखांभोवतीची कातडी सोलवटलेली असते. अशा वेळी चार-पाच दिवस रात्री जवसाचे किंवा खोबरेल तेल चोळावे आणि जखमा भरल्यावरच रंगाला हात घालावा. जुना रंग काढून नखे कोरडी असतानाच एकाच दिशेने घासावीत, कारण पुढे-मागे घासल्याने टोकाचे पापुद्रे सुटतात. नंतर हात पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवून नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापूस गुंडाळलेल्या काडीने हलकेच मागे सारावी. ती कापू नये, कारण तिच्यामुळेच जंतूंना आत शिरायला वाट मिळत नाही. हात पूर्ण वाळल्यावर प्रत्येक नख रिमूव्हरने एकदा पुसावे. त्याने तेल निघते आणि हळदीचा पिवळेपणाही बराच कमी होतो. नखावर तेल राहिले तर रंग दोन दिवसांतच सुटू लागतो.

बेस कोट वाळल्यावर पांढरी कड काढावी. बाटली हलवू नये, तळहातांमध्ये फिरवावी, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. ब्रश बाटलीच्या तोंडाशी निपटून घ्यावा, कोपर टेबलावर टेकवावे आणि ब्रश स्थिर धरून बोटच एका कडेकडून दुसरीकडे सावकाश वळवावे. डाव्या हाताने उजवी नखे रंगवताना ही युक्ती विशेष उपयोगी पडते. आखूड नखांवर कड एक मिलिमीटरपेक्षा रुंद नसावी, नाहीतर नख आणखी आखूड दिसते. चिकटपट्टी लावून रेघ ओढायची असेल तर ती आधी हाताच्या पाठीवर एक-दोनदा चिकटवून तिचा जोर कमी करावा आणि रंग ओलसर असतानाच काढावी. रेघ वाकडी झाल्यास रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने खालची कड कोरून घ्यावी. पार्लरमधली सुबक कमानही बहुधा अशीच साधलेली असते.

पांढरा रंग वाळल्यावर संपूर्ण नखावर फिकट छटेचा एकच पातळ थर द्यावा, त्याने कडेचा भडकपणा मावळतो. शेवटी टॉप कोट लावताना ब्रश नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही फिरवावा, कारण टवका तिथूनच उडतो.

अकोला किंवा चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा दुपारी रंग ब्रशवरच घट्ट होतो आणि नखावर रेघोट्या उमटतात. म्हणून हे काम सकाळी लवकर करावे, तेही पंख्याच्या थेट झोतात नव्हे, आणि कूलरसमोर तर नाहीच, कारण दमट हवेत थर उशिरा वाळतो. रिमूव्हर आणि नेलपॉलिश चटकन पेट घेतात. चूल, गॅस आणि देवापुढचा दिवा यांपासून ती दूर ठेवावीत. मेंदी काढायची असल्यास त्याआधी नखांवर बेस कोट द्यावा, अन्यथा नारिंगी डाग नख वाढून कापले जाईपर्यंत जात नाही.

वर हात लावून रंग वाळल्यासारखा वाटला तरी आतून टणक व्हायला काही तास लागतात. त्या वेळात कणीक मळणे आणि भांडी घासणे दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. हळदीच्या भाजीत बोटे बुडाली तर पांढरी कड पिवळी पडते, त्यामुळे जेवल्यावर हात लगेच साबणाने धुवावेत आणि दर दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा नवा थर द्यावा. रंग काढताना भिजवलेला कापूस नखावर काही क्षण दाबून धरावा आणि मग टोकाकडे ओढावा, म्हणजे पांढरा रंग कातडीवर पसरत नाही.