बाल्साचं विमान रंगवण्याआधी

माझ्या पहिल्या ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या छोट्या विमानाला, मी घाईघाईत थेट लाल ऑइल पेंट फासला. लाकडाने तो पिऊन टाकला, पंख दाढी न केलेल्या गालासारखा खरखरीत झाला आणि शेपूट इतकी जड झाली की विमान हातातून सुटलं की नाक वर करून धपकन पडायचं.

बाल्साचं लाकूड हलकं असतं, कारण त्यात भरीव भाग थोडा आणि पोकळ्या जास्त. त्या पोकळ्या बुजवायच्या, पण वजन वाढू द्यायचं नाही, एवढंच खरं काम.

आधी खळगे पाहा. बाल्सा नखानेही दबतो. दबलेल्या जागी पाण्याचा थेंब सोडा, वर सुती फडकं ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवा. दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असतील किंवा सांध्यात फट असेल, तिथेच लांबी (पुट्टी) भरा. तीही हलकी. पूर्ण वाळल्याशिवाय घासलीत तर नंतर आक्रसते आणि खड्डा परत दिसतो.

मग काचपेपर. तो लाकडी ठोकळ्याला गुंडाळून रेषांच्या दिशेने फिरवा, आधी २२० नंबरचा, मग त्याहून बारीक ३२०. नुसत्या बोटांनी घासलं की मऊ भाग जास्त झिजतो आणि पंखावर लाटा उठतात. लाटा दिवसा दिसत नाहीत. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एका कारागिराला तंबोऱ्याचा भोपळा उजेडासमोर तिरका धरून निरखताना पाहिलं, तेव्हापासून मी रात्री दिवा मालवून पंखावर बॅटरी आडवी मारतो. सगळी चोरी उघडी पडते.

भुसा झटकून, किंचित ओलसर मलमलीने पुसून घ्या. आता हार्डवेअरच्या दुकानात सुतारांसाठी मिळतो तो सँडिंग सीलर आणा, सोबत त्याचाच एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर. पहिला हात निम्मानिम पातळ करून द्या. वाळला की पृष्ठभाग आधीपेक्षा खरखरीत लागेल. घाबरू नका, लाकडाची कूस, म्हणजे बारीक तंतू, उभी राहिली आहे. ३२० ने हलकेच उतरवा. दुसऱ्या हाताच्या सीलरमध्ये टाल्कम पावडर कालवा, ताकाइतकं सरसरीत होईल एवढीच. रेषा बुजतात त्या या हाताने. वाळल्यावर जवळजवळ सगळा घासून काढा: पावडर पोकळीत राहायला हवी, वर तिचा थर नको. अजून रेषा दिसत असतील तर पुन्हा एक हात. फळीच्या कापलेल्या टोकांना नेहमीच एखादा जास्त लागतो.

बाल्साच्या पातळ फळीचे पंख आणि शेपूट दोन्ही बाजूंनी सारखेच रंगवा. सीलर वाळताना ओढ देतो. एकाच बाजूला दिलात तर पंख पापडासारखा वळतो.

सांगलीत हे काम दिवाळीनंतर काढावं. जुलैच्या दमट हवेत सीलरवर पांढुरका ढग येतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. एप्रिलच्या उन्हात उलटंच, ब्रशच्या खुणा मिटायच्या आत रंग सुकतो. हळदीच्या हंगामात धूळ नको म्हणून मार्केट यार्डाकडची खिडकी मी लावून घेतो आणि मागची उघडी ठेवतो. खिडकी उघडी हवीच. थिनरची वाफ डोक्यात जाते आणि पेटतेही, तेव्हा स्वयंपाकघरात हे काम नको.

शेवटी राखाडी प्रायमरचा एक पातळ हात. तो वाळल्यावर ६०० चा पाणीपेपर थोडाच ओला करून फिरवा. उंच जागेवरचा प्रायमर निघून जातो, खोल जागा तशीच राहते. प्रायमर उडून लाकूड उघडं पडलं असेल तिथे आधी सीलर द्या, नाहीतर पाणी आत शिरून कूस पुन्हा उठेल.

रंग निवडताना एक पाहा: एनसी सीलरवर ऑइल पेंट चालतो, पण ऑइल पेंटवर एनसी लावलात तर खालचा थर सुरकुततो. शंका असेल तर टाकाऊ तुकड्यावर आधी लावून बघा.

रंग पक्का वाळला की पंखाखाली दोन बोटं धरून तोल पाहा. शेपटीवरचा थोडासा रंगही नाकात बरंच वजन मागतो. माझ्या त्या लाल ग्लायडरच्या नाकात अजून शाडूचा गोळा आहे.