फिल्टरवरचा बोटाचा ठसा: आधी धूळ, मगच पुसणं

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा जवळच्या नान्नजच्या माळावर फोटो काढून आलात की लेन्सच्या फिल्टरवर धूळ असतेच, वर घामट बोटाचा ठसा. तो शर्टाच्या टोकाने अजिबात पुसू नका. धुळीचे कण कोटिंगवर, म्हणजे काचेवरच्या पातळ थरावर, ओरखडे पाडतात आणि ते कायमचे.

आधी फिल्टर उलटा धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. मग मायक्रोफायबर कापडावर लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब घ्या. थेट काचेवर टाकले तर ते कडेच्या रिंगमध्ये उतरतात. पोलरायझरला, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या फिरत्या रिंगच्या फिल्टरला, हे फार वाईट. मधून सुरू करून कडेकडे, गोल फिरवत, हलक्या हाताने पुसा. आता फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा. इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसला तर तेल निघालेलं नाही, नुसतं पसरलंय. कापडाची कोरडी बाजू घेऊन पुन्हा पुसा. मागची बाजूही बघा.

आपला सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तमच, पण इथे नको. तंतू काचेवर राहतात. बोअरचं पाणीही नको, वाळल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. आणि मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचा थर पुढच्या वेळी काचेवर येतो.