हायवेवर सायकल आणि मागून येणारे सहा सेकंद

मी साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते आणि रविवारी पहाटे सायकलवर असते. वाढे फाट्यावरून निघायचं, लिंब खिंड, आनेवाडीचा टोलनाका, पाचवड, भुईंज करत सुरूरपर्यंत जायचं आणि परत यायचं. त्यामुळे स्टिअरिंगवर बसलेला माणूस सायकलवाल्याबद्दल काय बोलतो ते आठवडाभर कानावर येतं आणि तो रस्त्यावर काय करतो ते रविवारी दिसतं.

बोलणं ठरलेलं असतं. "मॅडम, हे मध्येच येतात." "माझी गाडी मोठी, त्यानं नको का बाजूला व्हायला?" "हायवे काय सायकलसाठी केलाय?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, मोटरसायकललाही आहे. आपल्या पुणे–सातारा महामार्गावर तशी बंदी नाही. सर्व्हिस रोड मध्येच संपतो, मग गावातल्या माणसाला वर यावंच लागतं. कॅन लावलेले दूधवाले, कंपनीत पाळीला निघालेले कामगार, रात्रपाळी संपवून घरी जाणारे वॉचमन, शाळेच्या मुली, सगळे याच रस्त्यावर असतात. हेल्मेट, जर्सी घातलेले आम्ही त्यांच्यात थोडेच.

हे लिहिते आहे ते दोघांसाठी, सायकलवर बसणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या मागून गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी.

आधी गणित बघा. चौपदरी महामार्गावर ट्रकला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, कारला १०० ची. तुम्ही सायकलवर २० च्या वेगाने चाललाय असं धरू. ट्रक तुमच्याजवळ ६० च्या फरकाने येतोय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. तुम्ही त्याला शंभर मीटरवर दिसलात तर त्याच्या हातात सहा सेकंद आहेत. कारवाल्याच्या हातात साडेचार. एवढ्यात त्याने तुम्हाला ओळखायचं, आरसा बघायचा, उजवी लेन मोकळी आहे का ते ठरवायचं, इंडिकेटर द्यायचा आणि लेन बदलायची. लेन मोकळी नसेल तर ब्रेक मारायचा. भरलेला ट्रक पन्नास मीटरवर तुम्हाला पाहत असेल, तर त्याने कितीही मनात आणलं तरी त्याला नीट काही करता येत नाही. म्हणून सायकलवाल्याची सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी असावी: मागच्याला आपण लवकर दिसावं आणि आपण पुढे काय करणार ते त्याला लवकर कळावं.

दिसण्यासाठी काय करायचं

मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पहाटे आणि सूर्य मावळताना तर हवाच, कारण ऊन समोरून डोळ्यात येत असताना ड्रायव्हरला रस्त्याची कड नुसती काळी दिसते. रात्री एक दिवा स्थिर असू दे, दुसरा असेल तर तो लुकलुकता ठेवा. नुसत्या लुकलुकत्या दिव्यावरून अंतराचा अंदाज घेणं ड्रायव्हरला कठीण जातं.

पोपटी फ्लुरोसंट जॅकेट दिवसा उत्तम, पण अंधारात त्याचा रंग काही कामाचा नाही, कारण तो उजळतो उन्हातल्या अतिनील किरणांवर. रात्री गाडीचा प्रकाश परत फेकणारी पट्टी लागते, जिला आपण सगळे रेडियम म्हणतो. ती पाठीवर असावी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही घोट्यांवर असावी. पाठीवरची पट्टी एका जागी चमकते, ती मैलाचा दगडही असू शकते आणि उभी ट्रॉलीही. घोट्यावरच्या दोन पट्ट्या वरखाली होतात, आणि पेडल मारणारा माणूस आहे हे ड्रायव्हरला लांबूनच कळतं. काही रुपयांच्या पट्टीने यापेक्षा मोठं काम होत असेल असं मला वाटत नाही.

आता ट्रकच्या केबिनमध्ये चला. माझ्या दिरांचा दहाचाकी ट्रक आहे. आमच्यात नवीन कोणी सायकलवर यायला लागलं की मी त्याला आधी त्या उभ्या ट्रकच्या ड्रायव्हर सीटवर बसवते. मग माझी सायकल घेऊन क्लीनरच्या दाराखाली उभी राहते आणि खालून ओरडते, "मी दिसते का?" काचेतून दिसत नाही, डाव्या आरशात दिसत नाही, हेल्मेटचा शेंडासुद्धा दिसत नाही. एकेक पाऊल मागे सरकत जाते. चार-पाच पावलांनंतर आरशाच्या कडेला सायकल दिसायला लागते, मग मी पूर्ण दिसते. खाली उतरलेल्या माणसाला पुन्हा काही सांगावं लागत नाही. ट्रकच्या डाव्या कुशीत घुसायचं नाही, सिग्नलला नाही, टोलनाक्यावर नाही, घाटाच्या वळणावर तर मुळीच नाही. खंबाटकीच्या चढाला भरलेले ट्रक सायकलइतकेच हळू चालतात आणि बाजूने पुढे काढायचा मोह होतो. वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. ती जागा तुमची उरत नाही.

कुठून चालवायची

साइडपट्टी चांगली असेल तर पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे, पण अगदी टोकाला नको. टोकाला खडी, फुटलेल्या काचा, फाटलेल्या टायरच्या तारा आणि चहाला थांबलेले ट्रक असतात. पांढऱ्या पट्टीच्या हातभर डावीकडे राहा. पुढे ट्रक उभा दिसला की पन्नास-साठ मीटर आधीच तयारी करा: उजव्या खांद्यावरून मागे बघा, उजवा हात सरळ बाहेर काढा, पुन्हा बघा, आणि मोकळं असेल तरच सावकाश लेनमध्ये या. मोकळं नसेल तर उभ्या ट्रकच्या मागे थांबा. आयत्या वेळी लेनमध्ये येणं म्हणजेच "मध्येच येतात". ड्रायव्हरची ती तक्रार खरी आहे.

पूल आणि मोऱ्यांवर साइडपट्टी गायब होते. तिथे कठड्याला चिकटून चाललात तर मागच्याला वाटतं की आपली गाडी याच लेनमधून बसेल. गाड्या टोळीने येतात. टोळी जाऊ द्या, मागे बघा, आणि पूल संपेपर्यंत लेनमध्ये ठळक दिसाल असे चाला, म्हणजे त्याला लेन बदलण्यावाचून मार्ग राहत नाही. सर्व्हिस रोड जिथे फुटतो तिथेही सावध राहा. डावीकडे उतरणारी गाडी तुमच्या समोरून कापत जाते. तुम्हाला सरळ जायचं असेल तर त्या तोंडाशी वेग कमी करा, मागे बघा, गरज पडली तर थांबा.

बस किंवा कंटेनर जवळून गेला की आधी हवा बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते. कोपर सैल, हँडल घट्ट, शरीर खाली. लिंब खिंडीत आडवा वारा असतो. ट्रक शेजारी असेपर्यंत तो अडतो आणि ट्रक गेला की एकदम आदळतो. त्या क्षणी बाटलीला हात घालू नका.

राँग साईडने जाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या गावांकडे ते रोजचं आहे. दुभाजकातली ओलांडायची जागा लांब असते, म्हणून माणूस उलटा येतो. समजण्यासारखं आहे, पण गणित बघा: आता वेग वजा होत नाहीत, मिळतात. ८० आणि २० मिळून १००, आणि शंभर मीटर साडेतीन सेकंदांत संपतात. तेवढं अंतर उलट जायचंच असेल तर उतरा आणि साइडपट्टीच्याही बाहेरून सायकल हातात धरून चाला.

ड्रायव्हरच्या मनात काय असतं

इंग्लंडमध्ये इयन वॉकर या मानसशास्त्रज्ञाने सायकलला अंतर मोजणारा सेन्सर लावला आणि दोन हजारांहून जास्त ओव्हरटेक मोजले. ते संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या, आणि लांब केसांचा विग घातला तेव्हा लांबून. हेल्मेट काढा असा याचा अर्थ मी घेत नाही, माझं डोक्यावर असतंच. अर्थ असा, की ड्रायव्हर समोरच्याकडे बघून नकळत अंदाज बांधतो आणि त्यावर अंतर सोडतो. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सायकल न चालवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी सायकलस्वारांना पूर्ण माणसापेक्षा खालच्या पायरीवर ठेवलं होतं. ज्यांनी जास्त खाली ठेवलं, त्यांनीच मुद्दाम कट मारणं, अडवणं जास्त कबूल केलं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गाडीतली वाक्यं आठवली.

म्हणून मी शिकाऊंकडून एक गोष्ट करून घेते. पुढे सायकलवाला दिसला की मोठ्याने सांगायचं, हा कोण आणि कुठे निघालाय. "काका दूध घालून परत चाललेत." "ताई शाळेला चालली आहे, दप्तर कॅरिअरला बांधलंय." एवढं म्हणेपर्यंत पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो. इतर मोटार स्कूलवाल्यांनीही हे करून बघावं अशी माझी मनापासून विनंती आहे. कट मारणारे बहुतेक जण दुष्ट नसतात. त्यांना पुढे माणूस दिसलेलाच नसतो, अडथळा दिसलेला असतो.

सायकलवाल्यानेही चेहरा दाखवावा. मागे वळून बघितलं की ड्रायव्हरला तुमचे डोळे दिसतात. साईड दिली की हात वर करा. ट्रकवाले बहुधा एक छोटा हॉर्न देऊन उत्तर देतात.

गाडीत बसणाऱ्यांनी एवढं करावं

सायकलला ओव्हरटेक करताना पूर्ण लेन बदला, अर्धी नको. मी दोन मीटर शिकवते. जर्मनीत २०२० पासून गावाबाहेर दोन मीटर बंधनकारकच आहेत, आणि ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून ताशी ४८ किलोमीटरपर्यंत किमान दीड मीटर आणि त्यापुढे जास्त सांगितलंय. दोन मीटर म्हणजे सायकलवाला तुमच्या बाजूला आडवा पडला तरी चाकाखाली येणार नाही एवढी जागा. लेन मोकळी नसेल तर मागे थांबा, पाच-दहा सेकंद जातील. हॉर्न द्यायचा तर लांबून, आखूड. शेजारी आल्यावर दिलेल्या प्रेशर हॉर्नने माणूस दचकतो आणि दचकला की हँडल हलतं. पुढे काढून लगेच डावीकडे हॉटेलात वळू नका.

सगळ्यात जास्त धोका मला दुसऱ्या गाडीचा वाटतो. पुढचा ट्रक सायकल बघून उजवीकडे सरतो. त्याच्या मागे चिकटून आलेल्या कारला तोपर्यंत ट्रकचा मागचा फाळका सोडून काही दिसलेलं नसतं. ट्रक बाजूला होतो आणि समोर सायकल. हातात एखादा सेकंद. ट्रकच्या मागे तीन सेकंदांचं अंतर ठेवा: ट्रक एखाद्या खांबापाशी पोचला की मोजायला लागा, तीनच्या आधी तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. आणि सायकलवाल्यांनो, ट्रक गेला म्हणजे सुटलो असं समजून पट्टी ओलांडून लेनमध्ये येऊ नका. मागचं बघितल्याशिवाय नाही.

उसाच्या हंगामात किसन वीर आणि अजिंक्यतारा कारखान्यांकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, आणि कित्येकांना मागे दिवाही नसतो. त्या दिवसांत अंधारात हायवेवर सायकल काढू नका, पर्याय असेल तर. रोजीरोटीसाठी ज्याला काढावीच लागते त्याच्या सायकलला रेडियम लावून द्या. मडगार्डला लाल, पुढे पांढरी, चाकाच्या तारांवर आणि पेडलला पिवळी. गावातल्या शाळेत एक सकाळ बसलात तर सगळ्या मुलींच्या सायकली होतात. मानव विकास कार्यक्रमातून कित्येक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. दिवा आणि रेडियम आपण द्यायचं.

काही घडलंच तर

कोणी कट मारला तर पाठलाग नको, शिवी नको. सायकलवर बसून हायवेवर भांडण जिंकता येत नाही. बाजूला थांबा, श्वास घ्या, नंबर लिहून ठेवा.

अपघात झाला तर रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीला १०३३. जखमीला हात लावायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं, त्यानुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही नाही. गाडी न थांबता पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये भरपाईची सरकारी योजना आहे. त्यासाठी तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. दूधवाल्याच्या किंवा वॉचमनच्या घरच्यांना हे बहुधा कोणी सांगत नाही, तेव्हा तुमच्या ओळखीत असं घर असेल तर अर्ज भरायला त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत जा.