गोव्यातला पहिला पावसाळा: मराठवाड्याकडून आलेल्यांसाठी

लातूर सोडून फोंड्याला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. आपल्याकडून नवीन आलेलं कुणी भेटलं की विचारतंच, "इथं पाऊस खरंच एवढा असतो का हो?" असतो. आपल्याकडे वर्षभरात 700-800 मिलिमीटर झाला तर साल चांगलं गेलं म्हणतो. गोव्यात चार महिन्यांत 3000 च्या आसपास पडतो. आपल्याकडे पाऊस पाहुण्यासारखा येऊन जातो, इथं तो मुक्कामाला येतो.

म्हणून सगळी तयारी मे महिन्यातच करा. मोसमी पाऊस साधारण 5 जूनच्या सुमारास पोचतो, पण वादळ त्याची वाट बघत नाही. 16 मे 2021 ला तौक्ते आलं तेव्हा आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, फणसाचं झाड विजेच्या तारांवर आडवं झालं. तीन दिवस वीज नाही, म्हणजे विहिरीचा पंप नाही, म्हणजे घरात पाणी नाही. बाहेर धो धो पाऊस आणि आम्ही पन्हाळीखाली बादल्या लावून बसलेलो! टाकी भरलेली ठेवा, बॅटरी चालू आहे का बघा. कौलारू घर भाड्यानं घेतलं असेल तर मालकाला आताच सांगून शाकारून घ्या, माडावरचे नारळ नि सुक्या झावळ्या पाडेलीकडून, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडून, उतरवून घ्या. गाडी माडाखाली कधीच लावू नका.

इथले लोक पावसाळ्याची बेगमी करतात, तिला पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, सोलं (म्हणजे आमसुलं), मिरची, चिंच. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, त्यामुळे ताजी मासळी महाग होते. आपलं उन्हाळी वाळवण तेच. पण ते हवाबंद डब्यात ठेवा, आणि ज्वारीचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा. जास्त आणलंत तर वास धरतं.

पावसापेक्षा ओल जास्त छळते. पहिल्या वर्षी गणपतीत कपाट उघडलं तर लग्नाच्या शालूवर हिरवट-पांढरा भुरा चढलेला, मुलाचे दाखले एकमेकांना चिकटलेले. रडूच आलं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कागद प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा, आणि उघडीप पडली की हातातलं काम टाकून दारं-खिडक्या उघडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण दुष्काळातली माणसं. भरलेली नदी दिसली की आपले पाय आपोआप तिकडे वळतात. पहिल्याच श्रावणात मी मुलाला घेऊन ओहळात उतरले होते. घोटाभर नितळ पाणी, वर चक्क ऊन. शेजारच्या काकी काठावरून ओरडल्या आणि त्यांनी दंडाला धरून आम्हाला वर ओढलं. बघता बघता पाणी लाल झालं, काटक्या-पाचोळा वाहत आला, आणि आम्ही उभे होतो तो दगड दिसेनासा झाला. वर घाटात पाऊस पडला होता. पाण्याचा रंग बदलला की चप्पल, डबा, मोबाईल काहीही राहिलं तरी आधी वर या. पाऊस संपत आला म्हणूनही गाफील राहू नका; 2009 मध्ये दक्षिण गोव्यातल्या काणकोणात पूर आला तो 2 ऑक्टोबरला.

समुद्राचंही तेच. लाल बावटा असेल तर पाऊलभरही आत जायचं नाही. पणजीत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की रस्त्यात पाणी तुंबतं. तिथून दुचाकी काढू नका, उघडं गटार दिसत नाही. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अडचणीत 112 लावा.

गावाहून आई-वडील आले की त्यांनाही हे सांगा. माझे मामा सत्तर वर्षांचे आहेत. दर श्रावणात येतात आणि नदी दाखव म्हणतात. मी त्यांना पुलावरून दाखवते, हात धरून.