डीलरकडून घेतलेली जुनी गाडी सदोष निघाली, तर ती परत कशी करावी

सेकंड हँड गाडी घरी आणल्यावर आठ-दहा दिवसांत इंजिन तापू लागले, गिअर अडकू लागला किंवा गाडीतले मॅटिंग उचलल्यावर खाली वाळलेला गाळ दिसला, की बहुतेक ग्राहक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर डीलरशी फोनवर भांडत महिना घालवतात, नाहीतर ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी खोलायला देऊन मोकळे होतात. गाडी परत करून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क या दोन्ही मार्गांनी दुबळा होतो. नुकसानभरपाई मागण्यासाठी पुढे दोन वर्षे हाताशी असतात. गाडीच नाकारण्याचा हक्क मात्र ग्राहकाच्या स्वतःच्या वागण्याने काही आठवड्यांतच निसटू शकतो.

याचे कारण मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये आहे. विकलेली वस्तू दिलेल्या वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, ही कलम १५ नुसार विक्रीची गर्भित (करारात न लिहिताही गृहीत धरलेली) अट असते आणि ती मोडल्यास खरेदीदार वस्तू नाकारू शकतो. परंतु कलम ४२ सांगते की, वस्तू नाकारत असल्याचे न कळवता खरेदीदाराने ती वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ ठेवून घेतली, किंवा विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही केले, तर त्याने ती स्वीकारली असे धरले जाते. एकदा स्वीकार झाला, की सर्वसाधारणपणे नुकसानभरपाईपुरताच दावा उरतो. दोष कळल्यानंतरही गाडी घेऊन कोकणात फिरून येणे, तिला नवा रंग देणे किंवा इंजिन उघडून काम करून घेणे यामुळे ग्राहकाची बाजू कशी बिघडते, हे यावरून लक्षात यावे. उलट कलम ४३ ग्राहकाच्या बाजूचे आहे. योग्य कारणाने वस्तू नाकारणाऱ्यावर ती विक्रेत्याकडे पोहोचवण्याचे बंधन नसते. आपण ती नाकारत आहोत, एवढे कळवणे पुरेसे असते. ‘आधी गाडी आणून लावा, मग पैशांचे बघू’ असे डीलर म्हणाला, तर हे कलम आठवावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ची व्याप्ती याहून मोठी आहे. त्यातील ‘दोष’ या संज्ञेत कायद्याने किंवा कराराने ठरलेल्या दर्जातील उणीव तर येतेच, शिवाय विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या तुलनेत असलेली उणीवही येते. ‘कोणत्याही प्रकारे’ या शब्दांमुळे जाहिरातीतील ओळ, व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश आणि गाडीच्या काचेवर चिकटवलेला ‘सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल’ हा कागद, हे सर्व विचारात घेता येते. सदोष माल परत घेऊन बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. या ३० दिवसांचा गैरसमज फार होतो. गाडी आवडली नाही किंवा घरच्यांना रंग पटला नाही म्हणून ती परत देण्याची ही मुभा नव्हे. दोष दाखवता आला, तरच ही तरतूद लागू पडते.

जुन्या गाडीत दोष कशाला म्हणावे, हा प्रश्न नव्या गाडीपेक्षा अवघड असतो. सात वर्षे वापरलेल्या गाडीची क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बॅटरी किंवा टायर झिजलेले असणे अपेक्षितच आहे, आणि अशा मुद्द्यांवर तक्रार उभी केल्यास खरे मुद्देही हलके पडतात. खरेदीपूर्वी तुम्ही गाडी तपासली असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल मालविक्री कायद्यातील गुणवत्तेची गर्भित अटही मदतीला येत नाही. फुटलेला दिवा अशा सहज दिसणाऱ्या दोषांत मोडतो. मागे फिरवलेले मीटर, कापून जोडलेला पिलर (छताला आधार देणारा खांब), पुरात बुडून निघालेली वायरिंग, घासून बदललेला चेसिस क्रमांक, लपवलेला कर्जाचा बोजा या गोष्टी मोडत नाहीत. ‘जशी आहे तशी’ किंवा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पावतीवरील छापील ओळ वयोमानाच्या झिजेबाबत डीलरच्या उपयोगी पडेलही, पण जाणूनबुजून दिलेल्या खोट्या माहितीला ती संरक्षण देत नाही.

विक्रेता नेमका कोण

तक्रार लिहिण्यापूर्वी पावती काढून ती कोणाच्या नावाची आहे ते पाहावे. अनेक ठिकाणी गाडी डीलरच्या दालनात उभी असते, टोकनही तोच घेतो, परंतु मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही असते आणि वाद निघाला की ‘आम्ही फक्त मध्यस्थ होतो’ असे उत्तर मिळते. खासगी व्यक्तीने स्वतःची एक गाडी विकली, तर तिला व्यापारी म्हणणे कठीण असल्यामुळे ग्राहक आयोगापेक्षा दिवाणी न्यायालयाचा मार्ग धरावा लागतो. त्यामुळे डीलर हा विक्रेता होता, हे दाखवणे महत्त्वाचे ठरते. त्याच्या बँक खात्यात गेलेले पैसे, त्याच्या लेटरहेडवरील डिलिव्हरी नोट, त्याने दिलेली वॉरंटी आणि जीएसटीचे बिल हे त्याचे पुरावे होत.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने अशा डीलरकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९ सी मध्ये दिली, की तो डीलर त्या गाडीचा मानीव मालक (कायद्याने मालक समजला जाणारा) ठरतो. आपल्या ताब्यातील गाडी कोणी, कशासाठी आणि किती किलोमीटर चालवली याचे इलेक्ट्रॉनिक रजिस्टरही त्याने ठेवायचे असते. मीटरविषयी वाद असेल, तर हे रजिस्टर हजर करण्याची मागणी जरूर करावी. ते ठेवलेलेच नाही असे उत्तर आले, तर तेही आपल्या उपयोगाचे असते. गाडी ऑनलाइन मंचावरून घेतली असेल, तर ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणे अपेक्षित आहे.

दोष कळल्यावरचे पहिले काही दिवस

गाडी थांबवावी आणि त्याच दिवशी मीटरचा, डॅशबोर्डवरील इशारा-दिव्यांचा व दोषाच्या जागेचा फोटो आणि व्हिडिओ घ्यावा. मूळ जाहिरात डीलर काढून टाकण्याची शक्यता असते, म्हणून तिचे स्क्रीनशॉट आणि सर्व संभाषण जपून ठेवावे, आणि ज्या फोनवर ते आहे तो फोन बदलू किंवा फॉरमॅट करू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडलेले बरे. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोरपणे बांधलेला नसला, तरी सामनेवाल्याला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, म्हणजे डीलरला) आक्षेपाची एक जागा कमी राहते.

मीटर मागे फिरवल्याचा संशय असल्यास अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदणी क्रमांक देऊन सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागाव्यात, कारण प्रत्येक भेटीला तिथे किलोमीटर लिहिलेले असतात. मागील विमा पॉलिसीवरही नजर टाकावी: काही वर्षे सलग विमा असलेल्या गाडीचा नो क्लेम बोनस एकदम शून्यावर आलेला दिसला, तर आदल्या काळात दावा घेतला गेला असण्याची दाट शक्यता असते. पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. कापडाचा जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो, त्यावर पाण्याची मळकट रेघ राहून जाते, आणि दालनात केलेली धुलाई तिथपर्यंत सहसा पोहोचत नाही. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातली माती हीसुद्धा तशीच खूण. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूर, सांगली, चिपळूण या भागांतील गाडी घेणाऱ्याने ही तपासणी टाळू नये. किंबहुना अशी गाडी दूरच्या जिल्ह्यात विकणे सोयीचे असल्याने इतरांनीही टाळू नये.

यानंतर तज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्यावा. ‘मेकॅनिक म्हणाला’ एवढ्याने भागत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरचे तारीख, मीटर वाचन व दोषाचे कारण लिहिलेले जॉब कार्ड किंवा परवानाधारक विमा सर्वेक्षकाचा अहवाल चालतो, आणि त्यात दोष विक्रीपूर्वीचा का वाटतो, हे कारणासह लिहून घ्यावे. तपासणीची तारीख डीलरला आधी कळवून हजर राहण्यास सांगितले, तर पुढे ‘आमच्या पश्चात केलेली तपासणी’ हा त्याचा बचाव राहत नाही. तपासणी होईपर्यंत कोणताही भाग बदलू नये. गाडी रस्त्यात बंद पडून काही बदलणे अटळच झाले, तर काढलेला भाग बिलासह जपून ठेवावा.

नोटीस

नोटीस वकिलामार्फतच हवी असे नाही. ती छोटी, तारखांसह आणि रागाविना असावी, स्पीड पोस्टाने व ईमेलने पाठवावी आणि पोच जपावी. नमुन्यादाखल, काल्पनिक आकडे घालून, ती अशी लिहिता येईल:

‘आपल्या दालनातून मी दि. ३ जून रोजी ४,८५,००० रुपयांस घेतलेली मोटार आपण जाहिरातीत व दि. ३० मे रोजीच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात “४२,००० किलोमीटर चाललेली, अपघात न झालेली” अशी वर्णिली होती. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीनुसार मागील वर्षी ऑगस्टमध्येच तिचे मीटर ७८,३१० किलोमीटर दाखवत होते, आणि सोबतच्या अहवालानुसार तिचा उजवा पिलर कापून जोडलेला आहे. या कारणास्तव मी ही गाडी नाकारत असून दि. १४ जूनपासून ती वापरलेली नाही. आपण ती माझ्या पत्त्यावरून घेऊन जावी आणि ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत संपूर्ण किंमत, आरटीओ हस्तांतरणाचा खर्च व तपासणीचा खर्च परत करावा.’

यातील ‘नाकारत आहे’ हे शब्द गाळू नयेत. ‘कृपया काहीतरी मार्ग काढावा’ असे लिहिले, तर ते दुरुस्तीची विनंती म्हणून वाचले जाते. डीलर बहुधा मोफत दुरुस्ती किंवा त्याच्याच दालनातील दुसरी गाडी देऊ करील. दोष किरकोळ असेल, तर दुरुस्ती लेखी अटींवर स्वीकारण्यास हरकत नाही; परंतु ज्याने एकदा मीटर फिरवले, त्याच्याकडून दुसरी गाडी घेण्यात शहाणपण नाही, असे माझे मत आहे. गाडी कर्जावर असेल, तर वाद चालू असतानाही हप्ते भरत राहावे, कारण बँकेचा करार वेगळा असतो आणि हप्ता चुकल्याचा फटका ग्राहकालाच बसतो. चेसिस क्रमांकात छेडछाड किंवा चोरीची शंका असल्यास पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे.

आयोगाकडे जाणे

नोटिशीला उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ती विनामूल्य आहे आणि कधी कधी तेवढ्यानेच डीलर जागा होतो. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार मात्र नाही. तो जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाला आहे. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला (वस्तूसाठी मोजलेली किंमत) दिलेली प्रकरणे तिथे चालतात. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि १० लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. साहजिकच दिल्लीच्या डीलरकडून गाडी घेणाऱ्या नाशिककराला दिल्लीत खेटे घालावे लागत नाहीत. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, वकील सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. गाडी व्यापारासाठी घेतली असेल तर ग्राहक म्हणता येत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः टॅक्सी चालवणारा मात्र ग्राहकच असतो.

तक्रारीत प्रथम किंमत व्याजासह परत करण्याची, आणि ते मान्य न झाल्यास पर्याय म्हणून दुरुस्तीखर्च व नुकसानभरपाईची मागणी करावी. एकच मागणी केली आणि ती बसली नाही, तर हाती काही लागत नाही. सामनेवाल्याने ३० दिवसांत आणि फार तर आणखी १५ दिवसांत लेखी म्हणणे द्यायचे असते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक ठरवली आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वाहन तज्ज्ञांकडे पाठवू शकतो. निकालासाठी कायद्यात तीन महिने, आणि तपासणी लागल्यास पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागतो, असे धरूनच गाडी कुठे उभी ठेवायची याची सोय करावी. आदेश होऊनही डीलरने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीची दरखास्त करता येते, आणि आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते.

तडजोडीने असो वा आदेशाने, गाडी परत देताना पैसे खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्यावी. ताबा-पावतीवर तारीख, वेळ, मीटर वाचन आणि डीलरची सही-शिक्का घ्यावा. आरसी तुमच्या नावावर झाली असेल, तर केवळ गाडी सोडून येणे धोक्याचे आहे: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले, की परिवहन विभागाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जातो. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नयेत. प्राधिकृत डीलरकडे फॉर्म २९ सी ची सूचना परिवहन विभागाच्या ‘वाहन’ पोर्टलवर आपल्यासमोर भरून घ्यावी, इतरांकडे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून आरटीओत दाखल करावे. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे, फास्टॅग बंद करावा आणि त्या तारखेपर्यंत प्रलंबित असलेल्या ई-चलनांची प्रत काढून ताबा-पावतीला जोडावी.